स्कूबाचा फॉर्म आणि मिसळणाच्या डब्यामागची गोळी

पत्र पुण्याहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ५१ वर्षांच्या, त्यांचे यजमान ५५. मुलगा-सून ह्यूस्टनला असतात. आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं होतात म्हणून मुलानं डिसेंबरमध्ये गॅल्व्हस्टनहून सुटणारी सात रात्रींची क्रूझ बुक केली आहे. जहाज रोआतान, कोस्टा माया आणि शेवटी मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर थांबणार. मुलगा आणि सून दोघंही सर्टिफाइड डायव्हर. कोझुमेलला चौघांनी मिळून स्कूबा करायचं आणि पाण्याखाली चौघांचा एक फोटो काढायचा, असं ठरलं आहे. पैसे भरून झाले आहेत. अडचण अशी की यजमानांना तीन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे आणि मुलाला हे माहीत नाही. डायव्हिंगवाल्यांनी पाठवलेल्या वैद्यकीय फॉर्ममध्ये बीपीचा प्रश्न आहे. 'सगळीकडे नो लिहायचं, सगळे तेच करतात. गेल्या मे महिन्यात मालवणला केलंच की आपण,' असं यजमानांचं म्हणणं. ताई लिहितात, 'मी आता आडवी आले तर मुलाचा हिरमोड होईल आणि ह्यांचा पारा चढेल तो वेगळाच. गप्प बसले तर त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. माझे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले, त्यामुळे तू उगाच घाबरतेस असं हे म्हणतात. मी खरंच जास्त घाबरते आहे का?'

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुम्ही जास्त घाबरत नाही आहात. मात्र तुमच्या चार पानी पत्रात समुद्राबद्दल जेमतेम दोन ओळी आहेत. बाकी सगळं पत्र मुलाला काय वाटेल, ह्यांना काय वाटेल, आणि ती गोळी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून तुम्ही काय काय करता, याबद्दल आहे. मुलगा सुट्टीवर आला की गोळ्यांचं पाकीट टेबलावरून उचलून मिसळणाच्या डब्यामागे ठेवते, हे तुम्ही सहज लिहून गेलात. मी वाचताना तिथेच थांबले. त्याकडे परत येणार आहे. आधी फॉर्मचं बघू, कारण वेळ त्याला लागणार आहे.

तुम्हाला आलेला फॉर्म हा जगभरातल्या बहुतेक डायव्हिंग शाळा वापरतात त्याच धर्तीचा दिसतो. सुरुवातीचे प्रश्न साधे हो-नाहीचे. त्यांतच एक असतो, तुमचं वय ४५ च्या पुढे आहे का? हो म्हटलं की तो तुम्हाला पुढच्या पानावरच्या एका चौकटीकडे पाठवतो. तिथे सिगारेट, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि घराण्यातला हृदयविकार विचारतात. त्या चौकटीत एक जरी 'हो' आलं तर डॉक्टरांच्या तपासणीचं पान भरून, त्यांची सही घेऊन यावं लागतं. एवढंच. 'हो' म्हणजे 'तुम्ही येऊ नका' असं त्या फॉर्ममध्ये कुठेही लिहिलेलं नाही. 'आधी डॉक्टरांना भेटून या' एवढंच लिहिलेलं असतं.

यजमानांची समजूत इथे चुकते आहे, आणि ती अनेकांची चुकते. त्यांना वाटतं, खरं लिहिलं तर बाहेर काढतील. खरं लिहिलं आणि डॉक्टरांची सही सोबत असली तर सहसा कुणी बाहेर काढत नाही. बाहेर काढतात ते खरं आयत्या वेळी सांगणाऱ्यांना, आणि क्रूझवर हे हमखास घडतं. जहाज सकाळी धक्क्याला लागतं, तासाभरात छोटी बोट सुटायची असते, मध्येच कुणीतरी फॉर्म हातात देतं. तिथे कुठला डॉक्टर आणायचा?

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका बेटावर (नाव मुद्दाम लिहीत नाही) आमच्यासोबत एक कुटुंब होतं. दोन मुलं वेटसूट चढवून तयार, वडील काउंटरवर फॉर्म भरत होते. दम्याच्या प्रश्नावर त्यांचं पेन थांबलं. त्यांनी 'हो' लिहिलं. काउंटरवरच्या मुलीनं वाचलं आणि डॉक्टरांचं पत्र आहे का विचारलं. नव्हतं. त्यांनी तो कागद हळूच पालथा केला आणि नवा मागितला. दुसऱ्या कागदावर सगळीकडे 'नाही' लिहून पुढे सरकवला. मुलीनं तो हातात घेतला नाही. 'मी पहिला वाचलाय,' एवढंच म्हणाली. मुलं बोटीत गेली, वडील दिवसभर धक्क्यावर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसले. त्या गृहस्थांना घरून निघायच्या महिनाभर आधी कुणीतरी फॉर्म दाखवला असता तर ते छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन आले असते. उत्तर हो आलं असतं किंवा नाही आलं असतं, पण मुलांसमोर आलं नसतं.

तुमच्या हातात अजून आठ-नऊ आठवडे आहेत, म्हणून मी तुम्हाला एवढं खोलात लिहिते आहे.

आता बीपी आणि पाणी यांचा संबंध काय, ते सांगते. स्कूबाचा धोका म्हटलं की लोकांना ऑक्सिजन संपणं, शार्क, खोली असलं काही आठवतं. (टाकीत असते ती साधी हवा, नुसता ऑक्सिजन नव्हे.) हृदयावरचा भार मात्र खोल जायच्या आधीच सुरू होतो. गळ्यापर्यंत पाण्यात उतरलात की चहूबाजूंनी पाण्याचा दाब पडतो आणि हातापायांतलं साधारण अर्धा-पाऊण लिटर रक्त छातीकडे सरकतं. निरोगी हृदय ते सांभाळून घेतं. ज्यांचं बीपी आटोक्यात नाही त्यांच्यात कधी कधी फुप्फुसांत पाणी उतरतं. डायव्हिंगच्या डॉक्टरांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे, आणि उच्च रक्तदाब, वाढतं वय, गार पाणी, दमवणारं पोहणं ही त्याची नेहमीची कारणं आहेत. माणसाला धाप लागते, खोकला येतो, नळीतून हवा पुरत नाही असं वाटतं. त्यानं डाइव्ह तिथेच थांबवून, पण घाई न करता, वर यायला निघायचं असतं. पण ज्यानं फॉर्मवर 'नाही' लिहिलंय, तो स्वतःलाही सांगतो की काही नाही, नवखेपणामुळे होतंय, आणि तिथेच मिनिटं जातात.

गोळी कोणती आहे यालाही महत्त्व आहे. बीटा ब्लॉकर असेल तर हृदयाचे ठोके गरजेला वाढत नाहीत, मग प्रवाहात चार हात मारायची वेळ आली की माणूस लवकर थकतो. लघवीवाटे पाणी काढणारी गोळी असेल तर अंगातलं पाणी आधीच कमी असतं, त्यात डिसेंबरातलंही कॅरिबियन ऊन. काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, आणि तोंडात नळी धरून खोकणं सोपं नसतं. हे सगळं तुमच्या डॉक्टरांनी बघायचं. बीपी आटोक्यात आहे, हृदयाला काही इजा नाही आणि दम चांगला आहे असं दिसलं तर डॉक्टर बहुतेक वेळा परवानगी देतात. म्हणून मी 'जाऊ देऊ नका' असं म्हणतच नाही.

डॉक्टरांकडे जाताना 'फिटनेसचं सर्टिफिकेट द्या' असं मोघम म्हणू नका. फॉर्मचं डॉक्टरांसाठीचं पान छापून न्या. डायव्हिंगला काय तपासायचं याची डॉक्टरांसाठीची मार्गदर्शिकाही त्या फॉर्मसोबत उपलब्ध असते, तीही न्या. आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरांना रोज स्कूबाचे पेशंट भेटत नाहीत, त्यांनाही ती उपयोगी पडेल. दोन आठवड्यांचं सकाळ-संध्याकाळचं बीपी वहीत लिहून न्या. ते बहुधा स्ट्रेस टेस्ट सांगतील, कदाचित टू-डी इको. दोन्ही पुण्यात कुठेही होतात. गोळी बदलायची झाली तर आत्ता बदलता येईल आणि नवीन गोळी अंगवळणी पडायला वेळही मिळेल. आणि एक गोष्ट यजमानांना बजावून सांगा, डाइव्हच्या सकाळी गोळी चुकवायची नाही. 'आज गोळी घेतली नाही म्हणजे आज बीपीचा पेशंट नाही' असा हिशोब करणारी माणसं मला भेटली आहेत.

मालवणचं म्हणाल, तर मालवणबद्दल मला प्रेम आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या सावलीत पहिल्यांदा डोकं पाण्याखाली घालून निळा मासा बघितलेली किती माणसं आज महाराष्ट्रात आहेत! पण तुम्ही दोघांनी मालवणला जे केलंत, त्यात एक मुलगा तुमची टाकी मागून धरून होता, खोली काही मीटरची होती आणि दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही वर होतात. तुम्हीच लिहिलं आहे की 'आम्ही नुसते हात सोडून तरंगत होतो.' कोझुमेलला सर्टिफिकेट नसलेल्यांना नेतात तेव्हाही इन्स्ट्रक्टर सोबत असतोच, पण खोली १२ मीटरपर्यंत जाऊ शकते आणि वेळ अर्धा-पाऊण तास. दर १० मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणजे १० मीटरवर भरलेला श्वास वर येईपर्यंत दुप्पट जागा मागतो. म्हणून पहिला नियम हा, की श्वास कधीही रोखून धरायचा नाही. आणि कोझुमेलला प्रवाह असतो. तिथलं डायव्हिंग प्रवाहासोबत वाहत जाण्याचं आहे, बोट वरून बुडबुड्यांचा माग काढत येते. अनुभवी माणसाला याहून सुखाचं काही नाही. नवख्यांना किनाऱ्याजवळच्या शांत, उथळ जागी नेतात.

यातूनच तुमच्या चौघांच्या बेतातली एक अडचण निघते, जी मुलाच्याही ध्यानात आलेली दिसत नाही. तो आणि सूनबाई सर्टिफाइड आहेत. पालांकार किंवा सांता रोसाच्या प्रवाळभिंती बघायचं त्यांच्या मनात असणार, आणि असायलाच हवं. तुम्हाला तिथे नेणार नाहीत. बहुतेक ठिकाणी नवख्यांचा गट आणि सर्टिफाइड लोकांची बोट वेगळीच असते. पाण्याखालचा चौघांचा फोटो जवळपास होणारच नाही असं धरून चाला, आणि ही गोष्ट मुलाला आत्ताच सांगा. मुलाचं दोन डाइव्हचं वेळापत्रक चार-पाच तासांचं असेल, तुमचं त्याहून कमी. वेगवेगळे जा, दुपारी धक्क्याजवळ एकत्र जेवा.

शिवाय डिसेंबर-जानेवारीत त्या बाजूला उत्तरेकडून थंड वारे येतात. वारा वाढला की बंदर छोट्या बोटींना बंद करतात, आणि कधी कधी क्रूझचं जहाजही धक्क्याला न लागता पुढे जातं. तेव्हा तुम्ही गप्प बसलात काय किंवा बोललात काय, डाइव्ह होईलच याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. तीस वर्षांचा आनंद एका सकाळच्या हवेवर टांगून ठेवू नका. भरलेल्या पैशांचंही तेच. बुकिंगच्या अटी काढून वाचा, ठरावीक मुदतीपर्यंत पैसे परत मिळण्याची सोय पुष्कळदा असते.

'जहाजावर डॉक्टर असतातच' असंही यजमान म्हणालेत. असतात, आणि ताप, उलट्या, छातीत दुखणं यांवर पहिले उपचार ते करतात. पण डायव्हिंगच्या आजाराला (दाब झपाट्यानं कमी झाला की रक्तात वायूचे बुडबुडे होतात, त्याला) लागतो तो दाबाचा कक्ष जहाजावर सहसा नसतो. कोझुमेलला जमिनीवर तो आहे, कारण तिथे डायव्हिंगच फार चालतं. म्हणजे वेळ आली तर तुम्ही बेटावर आणि जहाज पुढे, अशी गत. तेव्हा विम्याची पॉलिसी आत्ताच उघडा. भारतातून घेतलेल्या बऱ्याच प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात किंवा वेगळा हप्ता मागतात, आणि आधीचा आजार लपवला असेल तर दावा अडतो. डायव्हरांसाठी वेगळा विमाही मिळतो. मुलानं तो घेतला असेल, त्याला विचारा. ते विचारताना बीपीचा विषय निघणारच, आणि तो निघावा असं मला वाटतं.

कारण खरा फॉर्म तुमच्या घरी आहे, ताई. तीन वर्षं तो कोराच पडला आहे.

परदेशी मुलं असलेल्या किती घरांत मी हे बघते! 'तो तिकडे एवढा लांब, उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला.' आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर कळतं, बाबा पडले हे दोन महिन्यांनी कळतं. तुमचा हेतू मायेचाच आहे, त्याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. पण मुलाच्या बाजूनं बघा. त्यानं वडिलांना पाण्यात न्यायचं ठरवलं ते आपले बाबा ठणठणीत आहेत हे गृहीत धरून. जिच्यावर त्याची सगळी आखणी उभी आहे, ती गोष्ट त्याला कुणी सांगितलेलीच नाही. उद्या वडिलांना धाप लागली तर तो काय करेल? तो डायव्हर आहे, जवळपास असला तर झेपावेल, घाईनं वर आणेल. घाईनं वर येणं त्याच्याही जिवाला धोक्याचं असतं. आणि तो दुसऱ्या बोटीवर असला, तर वर आल्यावर त्याला जे कळेल ते सगळंच एकदम कळेल. खोट्या फॉर्मची झळ सगळ्यात आधी त्या अनोळखी इन्स्ट्रक्टरला बसते, जो तुमच्या यजमानांचा हात धरून खाली जाणार आहे. त्यानं कागदावर विसंबून खोली ठरवलेली असते.

मग सांगायचं कुणी? माझ्यापुढे तीन वाटा होत्या. तुम्ही गुपचूप मुलाला फोन करून सांगायचं, ही पहिली. ती मला पटत नाही. यजमानांना ते चुगलीसारखं वाटेल आणि क्रूझचे सातही दिवस जेवणाच्या टेबलावर तोच विषय असेल. गप्प बसायचं ही दुसरी, तिच्याबद्दल पुरेसं लिहून झालं. तिसरी ही, की यजमानांनी स्वतः सांगावं, आणि तुम्ही त्यासाठी त्यांना एक वार नेमून द्यावा. दर रविवारी सकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल येतो असं तुम्ही लिहिलं आहे. दोन रविवार सोडा. तिसऱ्या रविवारी चहाचा कप हातात असताना त्यांनी एवढंच म्हणावं, 'अरे, मला तीन वर्षं बीपीची गोळी चालू आहे, आटोक्यात आहे, स्कूबाच्या फॉर्मसाठी स्ट्रेस टेस्ट करून घेतोय.' बातमीसोबत उपायही सांगितला की मुलाला घाबरायला जागा उरत नाही. आणि तुम्ही त्यांना आधीच स्पष्ट सांगा, की त्या रविवारी तुम्ही बोलला नाहीत तर मी तुमच्या शेजारी बसून बोलणार. पाठीमागून बोलायचं नाही, पण त्यांच्या होकाराची वाट बघत डिसेंबर उजाडू द्यायचा नाही.

पारा चढेल, हे खरं. त्यामागे काय आहे तेही बघा. पंचावन्नाव्या वर्षी मुलापुढे 'पेशंट' म्हणून उभं राहणं बापाला जड जातं. ज्या मुलाला यांनी खांद्यावर बसवून पोहायला नेलं, तो आता यांना पाण्यात नेतो आहे, आणि त्यात पहिलं वाक्य गोळीचं. वाद घालायला जाल तेव्हा हे मनात असू द्या. 'तुम्हाला जमणार नाही' असं एकदाही म्हणू नका. 'तुम्हाला जमावं म्हणून कागद पक्का करू' असं म्हणा, ते खरंही आहे.

डॉक्टर नाही म्हणाले तर? तर कोझुमेलला पाण्यात न जाताही दिवस भरून जातो. बेटाच्या उत्तर भागात, आतल्या बाजूला सान हेर्वासिओ नावाचे माया लोकांचे अवशेष आहेत. इश्चेल देवीच्या दर्शनाला पूर्वी मुख्य भूमीवरून बायका होडीनं समुद्र ओलांडून तिथे येत. लग्नाच्या तिसाव्या वर्षी नवरा-बायकोनं जावं अशी ती जागा आहे. वाळूत बसून मुलाची बोट परत येताना बघणंही वाईट नाही. स्नॉर्केलिंगबद्दल मात्र सावध करते. त्याला कुठे फॉर्म मागतात, कुठे नाही, म्हणून ते निर्धोक असं कुणी समजू नये. रक्त छातीकडे सरकतं ते तिथेही. डॉक्टरांना तेही विचारूनच घ्या.

आणि डॉक्टर हो म्हणाले तर आत्तापासून तलावावर जायला लागा. आठवड्यातून तीनदा, न धापता, सावकाश. पुण्या-मुंबईत तलावातच टाकी लावून सराव करून देणारे इन्स्ट्रक्टर आहेत, एक सकाळ तिथे घालवा. मास्कमध्ये पाणी शिरल्यावर जीव घाबरा होतो की नाही ते तुम्हाला तिथे कंबरभर पाण्यात कळेल. कान मोकळे करायचं शिकून घ्या. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान दुखायच्या आधी, अगदी मीटरभर खाली गेल्यापासून. दुखायला लागल्यावर जोर लावायचा नाही, थोडं वर यायचं. सर्दी असेल त्या दिवशी उतरायचंच नाही. आणि खाली गेल्यावर अंगठा वर करून दाखवू नका! आपल्याकडे तो 'मस्त' असतो, पाण्यात त्याचा अर्थ 'मला वर यायचंय'. ठीक आहे म्हणायला तर्जनी आणि अंगठ्याचा गोल करतात. वर यायची खूण कधीही, कुठलंही कारण न देता करता येते, आणि चांगला इन्स्ट्रक्टर त्यावर प्रश्न विचारत नाही. बुकिंग करताना एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, हे विचारा. दोनच असले तर उत्तम, त्यासाठी पैसे जास्त पडले तरी द्या.

क्रूझवर स्कूबा करणाऱ्या सगळ्यांसाठीच थोडं लिहिते, कारण याच महिन्यात अशी आणखी पत्रं आली आहेत. आदल्या रात्री दारू नको, जहाजावर ती कितीही हाताशी असली तरी. बोट लागते म्हणून घ्यायच्या गोळीनं झोप येते, ती डाइव्हच्या दिवशी चालेल का हे डॉक्टरांना विचारा. एक डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, एकाहून जास्त किंवा लागोपाठ दिवस केल्या असतील तर किमान १८ तास जाऊ द्यायचे असतात. मी २४ धरते. तुमचं कोझुमेल शुक्रवारी, मध्ये एक दिवस समुद्रात आणि विमान रविवारी रात्री, तेव्हा तुम्हाला अडचण नाही. पण शेवटचं बंदर आणि विमान एका दिवसाच्या आत येत असेल तर त्या बंदराला डाइव्ह ठेवू नये. गर्भारपणात स्कूबा अजिबात नाही. मुलांना दहा वर्षांच्या आत समुद्रात नेत नाहीत. दमा असलेल्यांनी छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही ठरवू नये. ज्यांना पूर्ण सर्टिफिकेट घ्यायचं आहे त्यांनी ते जहाजावरच्या चार दिवसांत कोंबू नये. थिअरी आणि तलावाचा भाग घरी करून, समुद्रातल्या चार डाइव्ह प्रवासात पूर्ण करण्याची सोय असते.

घड्याळाचंही सांगते, कारण जहाज बाहेरून बुक केलेल्या सहलीसाठी थांबत नाही. कोझुमेलचं घड्याळ २०१५ पासून बारा महिने एकच असतं, अमेरिकेसारखं उन्हाळ्यात पुढे होत नाही. डिसेंबरात ते गॅल्व्हस्टनच्या, म्हणजे सहसा जहाजाच्याही, एक तास पुढे असेल, म्हणजे बेटाची वेळ दाखवणाऱ्या फोनवर विसंबलात तरी तुम्ही लवकर पोचाल. उन्हाळ्यात फ्लोरिडाहून निघालेल्यांचं उलट होतं. फोन तीन दाखवतो आणि जहाजावर चार वाजलेले असतात. मनगटावर जहाजाच्या वेळेचं साधं घड्याळ बांधा.

आता शेवटचं. तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझंही सगळं लक्ष यजमानांच्या फॉर्मवरच होतं. दुसऱ्यांदा वाचताना ती ओळ दिसली, वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. ताई, त्या चौकटीतला चौथा प्रश्न तोच आहे, पन्नाशीच्या आत जवळचं रक्ताचं कुणी हृदयविकारानं गेलं आहे का. तुम्ही ५१ च्या आहात, तुमचंही उत्तर 'हो' आहे, आणि चार पानांत तुमच्या स्वतःच्या तपासणीचा एक शब्दही नाही. डॉक्टरांच्या पानाच्या दोन प्रती काढा आणि एकाच सकाळी दोघांची वेळ घ्या. तुमचं नाव आधी लिहा.